कृपा आधी, काम मागून

आमच्या गटात एक प्रश्न नेहमी निघतो. आपण चांगली कामं करतो म्हणून देव आपल्याला जवळ करतो, की देवानं आधीच जवळ केलंय म्हणून आपल्या हातून चांगलं काम होतं?

बायबलमध्ये याचं उत्तर आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो, की तारण हे देवाचं दान आहे, ते कष्टानं कमावता येत नाही. लगेच पुढे तो म्हणतो, की देवानं आपल्याला घडवलं ते सत्कर्मं करण्यासाठीच. आणि याकोब बजावतो, की कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे. म्हणजे झाडाला आधी मूळ, मग फळ. फळं बांधून कुणी झाड जगवत नाही, पण जिवंत झाडाला फळं येतातच.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. लहानपणी त्या आईवडिलांबरोबर तीर्थं करत देशभर पायी फिरल्या. पुण्य जोडायचं म्हणून दानं केली, उपास केले. दुष्काळात आईवडील गेले. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरी मनाला स्वस्थता नव्हती. पुढं त्यांनी स्वतःच लिहिलं, की धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटायला आणखी काही वर्षं लागली. आपण जशा आहोत तशा देवानं स्वीकारलं, हे तेव्हा उमगलं.

मग त्या हात जोडून बसल्या का? नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणि विधवा आणल्या. त्यांच्यासाठी केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. तिथं शेती, विणकाम, छापखाना, शिक्षण सगळं आलं. पुण्याचा हिशेब सुटला, तरी काम थांबलं नाही, उलट वाढलं.

हे आपल्याला का हवं? आपल्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू असते. "आता माझ्या हातून काहीच होत नाही, मी कशाला जगते?" असं ती म्हणते. जर देवाजवळ कामाचीच मजुरी मिळत असती, तर तिचा वाटा शून्य झाला असता. कृपा म्हणते, तिचा वाटा पूर्ण आहे. आणि जिचे हातपाय धड आहेत, तिनं त्या सासूला पाणी द्यावं, कूस बदलून द्यावी. हिशेबात जमा व्हावं म्हणून नव्हे, आपल्यालाही फुकटच मिळालंय म्हणून.

येत्या बैठकीत एवढंच बोलूया: आपल्या गावात आज कोण स्वतःला निरुपयोगी समजतं, आणि तिच्याकडे आपल्यापैकी कोण जाणार?