खिडकीतून बाहेर



गॅदरिंगच्या प्रमुख पाहुण्याने दोन गोष्टी सांगायच्या असतात. खूप मोठे व्हा आणि मोबाईल कमी बघा. दोन्ही सांगून झाल्या असं समजा. आजच्या पाहुण्याला बोलायचं आहे ते इंग्रजीतल्या एका क्रियापदाबद्दल.

ओव्हरथ्रो सगळ्यांना ठाऊक आहे. 14 जुलै 2019, लॉर्ड्सचं मैदान, विश्वचषकाची फायनल. न्यूझीलंडच्या गप्टिलचा थ्रो बेन स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेला आणि इंग्लंडला फुकटच्या धावा मिळाल्या. न्यूझीलंडवाले अजून चरफडत असतील. पण क्रिकेट जन्मायच्या कितीतरी आधीपासून इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता ढकलून पाडणं, उलथून टाकणं. राजे, सरकारं, राजवटी, सगळ्यांना तो लागू पडायचा. त्याच्याच भावकीत एक विक्षिप्त क्रियापद आहे: डिफेनेस्ट्रेट. लॅटिनमध्ये ‘फेनेस्ट्रा’ म्हणजे खिडकी आणि ‘दे’ म्हणजे तिच्यातून खाली, बाहेर. माणसाला उचलून खिडकीबाहेर टाकणं, एवढ्या एका कामासाठी स्वतंत्र क्रियापद! अशी गरज कोणाला पडली असेल?

प्राग शहराला पडली, आणि तीही एकदा नव्हे.

23 मे 1618. प्रागच्या किल्ल्यातल्या जुन्या राजवाड्यात, प्राग ही ज्याची राजधानी त्या बोहेमियाच्या राज्यकारभाराची कचेरी होती. प्रॉटेस्टंट सरदारांचा जमाव तिथे घुसला. नऊ वर्षांपूर्वी सम्राट रुडॉल्फने त्यांना धर्मस्वातंत्र्याची सनद दिली होती. आता मात्र त्यांची एक प्रार्थनामंदिराची इमारत पाडली गेली होती, दुसरीला टाळं लागलं होतं आणि पुढचा राजा म्हणून कट्टर कॅथलिक फर्डिनांड येऊन बसला होता. कचेरीत राजाचे चार कारभारी हजर होते. सरदारांनी जाब विचारला: सम्राटाकडून आलेलं, आम्हाला धमकावणारं ते पत्र तुमच्या सल्ल्याने लिहिलं गेलं का? चौघांपैकी दोघांना निर्दोष ठरवून शेजारच्या खोलीत पाठवलं. उरले स्लावाता आणि मार्टिनित्स.

आधी मार्टिनित्सला उचललं आणि खिडकीबाहेर भिरकावलं. स्लावाताने चौकट घट्ट धरली, तेव्हा कोणीतरी खंजिराच्या मुठीने त्याची बोटं ठेचली. मग तोही गेला. फाब्रिसियस नावाचा त्यांचा चिटणीस होता, त्याचा या भांडणाशी संबंध असलाच तर कागदापुरता. पण हात सरसावलेलेच होते, त्यामुळे त्यालाही पाठोपाठ रवाना केलं. कारकुनाचं नशीब सगळ्या देशांत सारखंच दिसतं.

खिडकीची उंची सुमारे 70 फूट सांगतात. आणि तिघेही वाचले!

इथून खरी गंमत सुरू होते. कॅथलिक म्हणाले, मेरीमातेने झेललं. प्रॉटेस्टंट म्हणाले, कसली मेरीमाता, खाली उकिरडा होता, शेणात पडले म्हणून वाचले. चारशे वर्षं झाली तरी दोन्ही कथा जोरात आहेत. किल्ल्याच्या भिंतीचा उतार आणि अंगावरचे जाड पायघोळ झगे ही कारणं इतिहासकारांना जास्त पटतात, पण त्यात ना चमत्कार ना फजिती. मग ती लक्षात कोण ठेवणार? फाब्रिसियस धडपडत उठला आणि त्याने थेट व्हिएन्ना गाठून सम्राटाच्या कानावर सगळं घातलं. पुढे त्याला सरदारकी मिळाली. किताब काय, तर ‘फॉन होहेनफाल’, म्हणजे उंचावरून पडलेला! पदवी देणाऱ्याला विनोदबुद्धी होती की अजिबात नव्हती, हे ठरवणं कठीण आहे.

या घटनेतून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. ते 1648 साली वेस्टफालियाच्या तहाने थांबलं, तोवर युरोपात लाखो माणसं लढाया, दुष्काळ आणि रोगराईने गेली. फेकणाऱ्यांचं काय झालं? 8 नोव्हेंबर 1620 ला व्हाइट माउंटनच्या लढाईत ते हरले. 21 जून 1621 ला प्रागच्या जुन्या चौकात बंडाच्या 27 पुढाऱ्यांना देहदंड झाला. तिथल्या फरसबंदीत आज 27 क्रूस दिसतात. फेकलेला स्लावाता मात्र मानाने परतला, बोहेमियाचा मुख्य चान्सेलर झाला आणि 1652 पर्यंत जगला. क्रियापद फक्त खिडकीपर्यंतचं सांगतं. खालच्या अंगणात पुढे काय झालं, ते त्याच्या अर्थात कुठेच येत नाही.

सरदारांना ही कल्पना सुचली ती मुळात घरच्याच इतिहासातून. 30 जुलै 1419 ला धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांनी प्रागच्या ‘नव्या शहरा’तल्या नगरभवनातून नगरपालांना असंच खाली टाकलं होतं, आणि त्यातले कोणी वाचले नाहीत. इंग्रजीत आधी ‘डिफेनेस्ट्रेशन’ हे नाम आलं, तेही 1618 च्या प्रकरणानंतर. क्रियापद खूप उशिरा, त्या नामाची शेपटी कापून तयार झालं.

खिडकीचा हा वापर प्रागपुरता राहिला नाही. 1 डिसेंबर 1640 ला लिस्बनच्या राजवाड्यात बंडखोर शिरले. स्पेनच्या राजाच्या वतीने कारभार बघणारा मिगेल द व्हास्कोन्सेलोस कपाटात लपला होता, असं सांगतात. त्याला गोळ्या घातल्या आणि प्रेत खिडकीतून खालच्या चौकात टाकलं. साठ वर्षं स्पेनच्या राजांकडे असलेला पोर्तुगालचा मुकुट परत पोर्तुगीज माणसाच्या डोक्यावर आला. या खिडकीचा आपल्याशी थेट संबंध आहे, कारण गोव्याचाही धनी त्या दिवशी बदलला. जहाजाने बातमी येईपर्यंत गोवेकरांना पत्ता नव्हता, एवढंच. गोव्यात आजही खिडकीला ‘जनेल’ म्हणतात, तो शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेला.

मराठीनेही या कामासाठी शब्द राखले आहेत. ‘कडेलोट’ ही एके काळी खरीखुरी शिक्षा होती. रायगडावर सहलीला गेलेल्यांना टकमक टोक आठवत असेल. आता मात्र कडेलोट होतो तो सहनशीलतेचा. खुर्चीवरून हटवण्यासाठी आपल्याकडे ‘उचलबांगडी’ आहे. शाळा चुकवून दडलेल्या पोराला चार दांडगी मुलं हातपाय धरून, लोंबकळत पंतोजींपुढे आणत, ती मूळची उचलबांगडी. आज अधिकाऱ्याची बदली झाली की वर्तमानपत्रं हाच शब्द छापतात, आणि वाचणाऱ्याला हवेत हलणारे पाय दिसत नाहीत. भाषण लांबलं की प्रमुख पाहुण्याला मात्र ते दिसू लागतात.

इंग्रजीतही तसंच झालं. लंडनची वर्तमानपत्रं आज ‘डिफेनेस्ट्रेट’ लिहितात, तेव्हा कोणी खिडकीपाशी गेलेलं नसतं. 1990 मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचरना त्यांच्याच पक्षाने पायउतार व्हायला लावलं. ऑस्ट्रेलियात 2010 मध्ये पंतप्रधान केव्हिन रड यांना सहकाऱ्यांनी घालवलं, 2013 मध्ये परत बोलावलं आणि काही आठवड्यांत मतदारांनी पुन्हा घालवलं. अ‍ॅपलने 1985 मध्ये स्टीव्ह जॉब्सना बाजूला सारलं, ते 1997 मध्ये परतले. स्लावाताच्या कुळात जॉब्स शोभतात.

संगणकाच्या वर्गातल्या मुलांसाठी आणखी एक अर्थ. मशीनवरून विंडोज काढून लिनक्स टाकण्यालाही प्रोग्रॅमर मंडळी हेच क्रियापद वापरतात. त्यात कोणालाच इजा होत नाही, फक्त प्रिंटर चालेनासा होतो.

घोषणा करणारे सर मघापासून घड्याळ दाखवताहेत. टेबलावरच्या ढाली आणि प्रशस्तिपत्रकं वाटायला सुरुवात करू या. पहिलं नाव पुकारावं.