लिस्बनमधील दोन देवळें



लिस्बनला जाणारा प्रवासी बहुधा प्रथम बेलें येथील जेरोनिमस मठाकडे धांव घेतो. तेथें अवश्य जावें. मात्र उन्हांत रांगेंत उभें राहण्याची तयारी ठेवावी. सोळाव्या शतकाच्या आरंभीं सुरू झालेल्या त्या वास्तूचा पुष्कळसा खर्च मिरीमसाल्याच्या व्यापारावरील करांतून भागला. वास्को द गामाची कबरही तेथेंच आहे. आपल्या वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत ज्यांचा अंमल होता, त्यांचें वैभव तेथें डोळ्यांनीं पाहावयास मिळतें. परंतु मी आज आपणांस नेणार आहें, तें शहराच्या मध्यभागीं.

१ नोव्हेंबर १७५५ रोजीं, सकल संतांच्या सणाच्या सकाळीं, लोक मिस्सास जमले असतां भूकंप झाला. मागोमाग समुद्र चढून आला, आणि आगी कित्येक दिवस धुमसत राहिल्या. टेकडीवरील कार्मो मठाच्या देवळाचें छप्पर कोसळलें. पुढें दुरुस्ती आरंभिली, ती अर्धीच राहिली. आज त्या उघड्या कमानींतून नुसतें आकाश दिसतें.

तेथून उतरून रोसिओ चौकाशेजारच्या संत दोमिनिकच्या देवळांत जावें. १९५९ सालीं तें आंतून जळालें. १९९४ सालीं पुन्हां उघडलें, तेव्हां आगीनें तडकलेले खांब तसेच ठेविले होते. असलें देऊळ मीं दुसरें पाहिलें नाहीं.

बाहेर पडतांना मात्र घाई करूं नये. एप्रिल १५०६ मध्यें याच देवळांत क्रुसावर दिव्य प्रकाश दिसल्याचा बोभाटा झाला. एका नवख्रिस्ती मनुष्यानें तो मेणबत्तीचा उजेड असावा असें म्हटलें. जमावानें त्यास ठार मारिलें. कांहीं दोमिनिकन संन्याशांनींच लोकांस चिथाविलें. ज्या यहुदी कुटुंबांस थोड्याच वर्षांपूर्वीं बळानें बाप्तिस्मा दिला होता, त्यांची पुढील तीन दिवस कत्तल चालली. जुन्या इतिवृत्तांत मृतांचे आंकडे सुमारें दोन हजार व त्याहूनही मोठे आहेत. राजा मानुएलनें अपराध्यांस देहदंड दिला. त्यांत संन्यासीही होते.

२००८ सालीं देवळासमोर दाविदाचा तारा असलेलें स्मारक उभारलें गेलें. आमच्या सोबतच्या एका गृहस्थांनीं विचारिलें, "हें देवळाच्या इतकें जवळ कशास?" माझें मत असें, कीं घडलें तेथेंच तें असावयास हवें होतें. त्या चौकांत आतां आफ्रिकेंतून आलेलीं माणसें रोज जमतात, आणि दिवस मावळेपर्यंत बोलत उभीं राहतात.