दोष दाखविणाऱ्यालाच बेड्या?



यंत्रातील उणीव चारचौघांत सांगितली की चोरांचे फावते, असा युक्तिवाद अधिकारावरील मंडळी नेहमी करतात. तो अगदीच पोकळ नाही. म्हणूनच उणीव सापडल्यास निर्मात्यास प्रथम कळवावे, दुरुस्तीसाठी वाजवी मुदत द्यावी आणि मगच ती जाहीर करावी, असा संकेत संगणकक्षेत्रात रूढ झाला आहे. परंतु निर्मात्याने कानांवर हात ठेवले तर?

आपल्या मतदानयंत्राचेच उदाहरण घ्या. त्यातील दोष दाखविण्यासाठी निवडणूक आयोगाने २००९ साली हैदराबादचे तंत्रज्ञ हरी प्रसाद व त्यांचे सहकारी यांना पाचारण केले आणि निर्मात्या कंपनीच्या बौद्धिक संपदेचे कारण पुढे करून ते प्रात्यक्षिक मध्येच थांबविले. ही यंत्रे बनविणारे दोन्ही कारखाने सरकारी मालकीचे. तेव्हा जनतेची संपदा जनतेपासूनच झाकून ठेवण्याचा हा न्याय अजबच म्हटला पाहिजे! पुढे एका अनामिकाने पुरविलेले यंत्र तपासून हरी प्रसाद, अमेरिकेतील प्राध्यापक अॅलेक्स हॉल्डरमन आदींनी एप्रिल २०१० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. निकालाचे आकडे दाखविणारा भाग काढून हुबेहूब तसाच दुसरा बसविला, तर तो मोबाइलच्या इशाऱ्यावर खोटे आकडे दाखवू शकतो. मते साठविणाऱ्या चिपला चिमट्यासारखे छोटे उपकरण लावून मतांची अदलाबदलही करता येते, हे त्यांनी करून दाखविले. यावरून अमुक निवडणूक लुबाडली गेली असे मुळीच सिद्ध होत नाही. कडेकोट बंदोबस्तातील यंत्राला हात कोण लावणार, हा आयोगाचा सवाल होता. मात्र तपासलेले यंत्र मुंबईतील सरकारी ताब्यातूनच चोरीस गेले होते, असे खुद्द पोलिसांचे म्हणणे! बंदोबस्ताची याहून बोलकी साक्ष कोणती?

२१ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई पोलिसांनी हरी प्रसाद यांना हैदराबादेत अटक केली. यंत्र देणाऱ्याचे नाव सांगण्यास त्यांनी नकार दिला होता. आठवडाभराने त्यांची जामिनावर सुटका झाली.

मतदाराला आपले मत कागदावर पाहता यावे यासाठी, निराळ्याच एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आदेश दिला आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत तशी सोय सर्व मतदारसंघांत झाली. दोष शोधणाऱ्याची स्थिती मात्र पालटली नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमान्वये मालकाच्या अनुमतीविना संगणकात शिरणारा भरपाई देण्यास बांधील ठरतो. सद्हेतूने तपासणाऱ्यास त्यात वेगळी सवलत नाही. उणीव रीतसर कळविणाऱ्यास संरक्षण देणारी तरतूद त्या कायद्यात व्हावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी आपापल्या खासदारांपुढे लेखी मांडावयास हवी.