तो गेला, ती गेली
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आठवीत मी संस्कृत सोडून फ्रेंच घेतलं, सोपं असेल म्हणून. बाईंनी पहिल्याच आठवड्यात 'पार्ले', म्हणजे बोलणे, हे क्रियापद वर्तमानकाळात फळ्यावर चालवलं. ज पार्ल, त्यु पार्ल, नू पार्लों... सहा रूपांपैकी चार कानाला सारखी, लिहिताना मात्र त्यांना तीन वेगळी शेपटं! श्रुतलेखनात माझी तिथेच दांडी उडाली.

भूतकाळात तर गाडं पुरतंच अडलं. बहुतेक क्रियापदांना साहाय्याला 'आव्हुआर', पण जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशा काहींना 'एत्र'. मी चाचणीत सरसकट आव्हुआर लावलं आणि वीसपैकी चार गुण मिळवले. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मराठीत तो गेला, ती गेली म्हणतोस ना? इथेही तसंच. इल ए आले, एल ए आले. ऐकायला सारखं, पण 'ती' असली की लिहिताना शेवटी एक अक्षर जास्त." त्या दिवशी फ्रेंचबरोबर मराठीचं व्याकरणही मला पहिल्यांदा नीट दिसलं.

एत्रच्याच यादीत 'रेस्ते' होतं, म्हणजे राहणे. "बाई, जाण्यायेण्याच्या यादीत राहणं कसं?" मी विचारलं होतं. "आत्ता पाठ कर, पुढे कळेल," त्या म्हणाल्या.

दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या. आज इथे तुम्हां सगळ्यांच्या तोंडी त्यांचं नाव ऐकतोय, आणि बाई, आता कळलं.