राजसत्तेची मर्यादा आणि आपण
(समाजाच्या वार्षिक संमेलनात मेहरूण येथे दिलेले व्याख्यान)



गुणवंतांचा गौरव आणि वर्षाचा जमाखर्च हे आपल्या संमेलनाचे नित्याचे विषय होत. आज आम्ही जो विषय घेऊन उभे आहोत तो त्यांत सहसा नसतो; परंतु तो आपणा प्रत्येकाच्या घरच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचणारा आहे. येथून जवळच आपला मेहरूणचा तलाव आहे. तलावाचे पाणी बांधाच्या आत असते तोवर ते गावाचे जीवन असते. बांध ओलांडला की तेच पाणी घरात शिरते. राजसत्तेचेही तसेच आहे. सत्तेवाचून रस्ता होत नाही, शाळा चालत नाही, चोराचा बंदोबस्त होत नाही. म्हणून सत्ता नको, असे म्हणणारे आम्ही नव्हेत. तिला बांध हवा आणि त्या बांधावर राखण आपली हवी, एवढेच आमचे सांगणे आहे.

या बांधाचे स्वरूप सांगणारी एक हकीकत ऐका. तिचा आरंभ आपल्या खानदेशातच करू. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात आचार्य विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील एकेकाळचे शिक्षक साने गुरुजी यांनी ती शब्दशः टिपून घेतली. पुढे ती ग्रंथरूपाने घरोघरी पोहोचली. देह बंदीत असला तरी बुद्धी बंदीत नसते, याची ही साक्ष खानदेशाने जगाला दिली.

आता स्वराज्यातील प्रसंग पाहा. 1962 च्या चिनी आक्रमणानंतर देशात आणीबाणी पुकारली गेली आणि भारत संरक्षण नियमांखाली अनेकांना खटल्यावाचून स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत मुंबईचे साम्यवादी कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी हे होते. तुरुंगात त्यांनी अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत एक पुस्तक लिहिले. विषय निव्वळ शास्त्राचा. राजकारणाचा त्यात गंध नव्हता. प्रकाशनासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठविण्याची परवानगी त्यांनी मागितली. शासनाने ती नाकारली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे शासन हरले आणि सर्वोच्च न्यायालयात आले. शासनाचे म्हणणे असे की, स्थानबद्धाला आम्ही देऊ तेवढ्याच सवलती. त्यापलीकडे त्याला हक्क म्हणून काही नाही. 1965 च्या सप्टेंबरात न्यायालयाने निर्णय दिला, तो याच्या नेमका उलट होता. स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक लिहू नये किंवा ते बाहेर पाठवू नये, अशी अट कोठेही नव्हती. जी अट नियमात लिहिलेली नाही, ती अधिकाऱ्याच्या इच्छेने लादता येत नाही. हस्तलिखित अडविणे म्हणूनच बेकायदेशीर ठरले.

बंधूंनो, संझगिरी यांची राजकीय मते आपणास पटोत वा न पटोत, त्या निर्णयातील तत्त्व आपणा सर्वांचे आहे. शासनाला कायद्याने जेवढे दिले तेवढेच करता येते. नागरिकाला कायद्याने जे मना केले नाही ते सर्व करता येते. आणीबाणीत, तुरुंगाच्या भिंतीआड हे तत्त्व टिकले, तर आपल्या रोजच्या व्यवहारात ते का टिकू नये?

पण ते आपोआप टिकत नाही. 1976 साली, दुसऱ्या एका आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयानेच बहुमताने असा निर्णय दिला की, बेकायदा अटक झाली तरी नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरुद्ध उभे राहिले. पुढे 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही अशी तरतूद झाली, आणि 2017 साली न्यायालयाने तो जुना निर्णय स्वतःच रद्द ठरविला. बांध फुटतो, पुन्हा बांधावाही लागतो.

आता आपल्या दारातील गोष्टी. दाखल्यासाठी कचेरीत गेलेल्या माणसाला 'उद्या या' असे सांगितले जाते आणि तो मुकाट्याने परततो. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे. नकार द्यावयाचा तर कारण लेखी द्यावे लागते, वर अपिलाची सोय आहे, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोलिसांनी पकडलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगणे आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे हे घटनेनेच बंधनकारक केले आहे. साक्षीदार म्हणून स्त्रीला किंवा साठीवरच्या वृद्धाला जबानीसाठी ठाण्यावर येण्याची सक्ती करता येत नाही. घर पाडावयाचे तर, रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरील बांधकामे वगळता, निदान 15 दिवसांची नोटीस हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या नोव्हेंबरात बजावले आहे.

या सर्वांचे सार एका प्रश्नात आहे : "साहेब, हे कोणत्या नियमाने?" हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. तो नम्रपणे, पण लेखी विचारावा आणि अर्जाची पोच घ्यावी. आपल्या मुलामुलींना आपण नोकरीच्या परीक्षांना बसवितो. हा प्रश्न विचारण्यासही शिकविले पाहिजे. आणि ज्यांना उद्या अधिकाराची खुर्ची मिळेल, त्यांनी तो प्रश्न ऐकून न रागावण्यास शिकावे.

शेवटी एक कटू बोल, क्षमा असावी. सत्ता केवळ कचेरीतच नसते. ती पंचांच्या बैठकीतही असते. मुलीने स्वतःच्या पसंतीने विवाह केला म्हणून तिच्या आईबापांना वाळीत टाकणारी जात, शासनाने मर्यादेत राहावे असे कोणत्या तोंडाने सांगणार? महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. परंतु शिक्षेच्या भयाने नव्हे, तर न्यायबुद्धीने आपण आपल्या घरचा बांध आधी बांधावा. आपल्यातील कोणी दुबळा बंधू वा भगिनी उद्या या मंडळापुढे उभी राहून विचारील, "हे कोणत्या नियमाने?" त्या वेळी आपल्यापाशी उत्तर असावे, आणि उत्तर नसेल, तर हात आखडता घेण्याचे धैर्य असावे.