द्रुताकडून विलंबिताकडे
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला आणि मी 'जमेकातील स्का व रेगे संगीत' असे उत्तर दिले, तेव्हा दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकास जी शांतता पसरली तिचा अर्थ मला समजला. कारण ज्ञानेश्वरीपासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषयांना या व्यासपीठावर वहिवाटीने जागा आहे, परंतु कॅरिबियन समुद्रातील, आपल्या सातारा जिल्ह्याहून किंचितच मोठ्या असलेल्या एका बेटावरील नाचगाण्यांना ती आजवर मिळालेली नव्हती. ती आज दिल्याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे.

या संगीताशी माझा परिचय एका चुकीतून झाला. रत्नागिरीस आमच्या शेजारचे एक गृहस्थ व्यापारी जहाजावर नोकरीस होते, आणि एका खेपेस त्यांनी लंडनहून एक सात इंची तबकडी आणली, जिच्या मध्यभागी रुपयाच्या नाण्याहूनही मोठे भोक होते. आमच्या यंत्राची खुंटी त्या भोकात भोपळ्यात सुपारी पडावी तशी हलू लागली, म्हणून पुठ्ठ्याची चकती कापून तबकडी कशीबशी बसविली; परंतु तबकडी मिनिटाला ४५ फेऱ्यांची आणि यंत्राचा खटका मात्र ३३ फेऱ्यांवर, ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. दोन दिवस आम्ही ते संथ, खोल, काहीसे आजारी वाद्यवादन जमेकाची खास शैली म्हणून मोठ्या श्रद्धेने ऐकले. तिसऱ्या दिवशी कोणाचा तरी हात लागून खटका सरकला आणि तोच वाद्यवृंद शाळा सुटल्यावर पोरे धावतात तसा धावत सुटला. तो वाद्यवृंद 'स्कॅटलाइट्स' हा होता, आणि त्या संगीताचे नाव स्का. आमची चूक मात्र अगदीच वाया गेली नव्हती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. कारण खुद्द जमेकानेच पुढे आपल्या संगीताचा खटका असाच खाली सरकविला होता. आपला ख्यालगायक विलंबितात आरंभ करून द्रुताकडे जातो. किंग्स्टन शहराने १९६० ते १९७० या दशकात हा क्रम उलटा चालवून दाखविला, आणि आजचा माझा विषय वस्तुतः एवढाच आहे.

प्रथम स्काच्या जन्माचा पंचनामा करू. जमेका १६५५ पासून इंग्रजांच्या अंमलाखाली होते आणि ६ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाले. त्याआधीच्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्तीतील माणसाला नाचायचे झाल्यास जिवंत वाद्यवृंद परवडत नसे. म्हणून कपाटाएवढे कर्णे, ध्वनिवर्धक आणि तबकड्यांची पेटी घेऊन मोकळ्या आवारात नाच लावणारे व्यावसायिक पुढे आले. या सरंजामाला तेथे 'साउंड सिस्टिम' म्हणतात. मला आपला 'फड' हा शब्द अधिक यथार्थ वाटतो, कारण फडमालकांतील ईर्ष्या येथे पुरेपूर होती. ड्यूक रीड हा पूर्वाश्रमीचा पोलीस शिपाई आणि नंतरचा दारूदुकानदार. प्रिन्स बस्टर हा मुष्टियोद्धा. आणि क्लेमेंट डॉड याला सारे जग 'कॉक्सन' म्हणत असे, ते का, हे येथील क्रिकेटप्रेमी मंडळींना आवडेल: डॉड शाळेत क्रिकेट चांगले खेळे, म्हणून यॉर्कशायरच्या ॲलेक कॉक्सन या गोलंदाजाचे नाव त्यास चिकटले, ते जन्मभर.

हे फडमालक अमेरिकेतून ऱ्हिदम अँड ब्लूज तबकड्या आणीत आणि त्यांवरील नावाची चिठ्ठी खरवडून टाकीत, जेणेकरून गाणे कोणाचे, हे प्रतिस्पर्ध्यास कळू नये. घराण्याची खास चीज बाहेरच्या शागिर्दाच्या कानी पडू नये म्हणून अस्ताई सांगून अंतरा दाबून ठेवणारे खाँसाहेब आपण ऐकून आहोत; त्यांचा हा किंग्स्टनमधील अवतार समजावा. कॉक्सनने एका अमेरिकी सॅक्सोफोन-रचनेचे 'कॉक्सन हॉप' असे परस्पर बारसे करून ती वर्षानुवर्षे आपले निशाण म्हणून वाजविली. आणि ड्यूक रीडने अखेर तिचा माग काढून ती भर नाचात वाजविली, तेव्हा कॉक्सनला जागीच भोवळ आली असे सांगतात.

परंतु १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आवडच पालटली आणि किंग्स्टनला हव्या असलेल्या मालाची आवक आटली. तेव्हा फडमालकांनी नाइलाजाने स्थानिक वादकांना हाताशी धरून स्वतःच ध्वनिमुद्रणे करण्यास आरंभ केला. अमेरिकी गाण्याचीच नक्कल करावयाची होती. पण नक्कल करता करता आघात सरकला. 'एक आणि दोन आणि तीन' असे मोजू लागलो तर पियानो व गिटार आकड्यावर न वाजता 'आणि'वर वाजू लागली. स्काचा सारा व्याकरणग्रंथ या एका उभयान्वयी अव्ययात सामावला आहे. प्रिन्स बस्टरने फोक्स बंधूंचे 'ओह कॅरोलायना' मुद्रित केले, तेव्हा त्याने डोंगरवस्तीतून काउंट ऑसी आणि त्याचे रास्ताफारी या धर्मपंथाचे ढोलकी-वादक शहरात आणले. या पंथाच्या, म्हणजे रास्ता, लोकांना तेव्हाचा प्रतिष्ठित समाज दारात उभे करीत नसे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या ढोलांचे मोल कळते.

हे वादक आले कोठून? यातील कितीतरी नावे एका अनाथगृहवजा शाळेच्या पटावर सापडतात. किंग्स्टनची 'अल्फा बॉइज स्कूल' ही शाळा 'सिस्टर्स ऑफ मर्सी' या रोमन कॅथलिक पंथाच्या भगिनी चालवीत. निराधार आणि उनाड मुलांना तेथे छपाई, सुतारकाम इत्यादी धंद्यांबरोबर बँडही शिकवीत. सिस्टर मेरी इग्नेशियस या तर स्वतः तबकड्यांचा संग्रह करीत आणि तो मुलांना ऐकवीत. धर्मसंस्थेतील एका भगिनीने जॅझ ऐकवून वादकांची पिढी घडवावी, हा योग विरळाच. स्कॅटलाइट्सचे चार आधारस्तंभ, टॉमी मकूक, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग आणि डॉन ड्रमंड, हे याच शाळेचे. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले व्हायोलिन आणि ट्रम्पेट वादक मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा कसे झाले, हे ज्यांना ठाऊक आहे, सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदातील चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट ज्यांनी कान देऊन ऐकला आहे, त्यांना ही गोष्ट परकी वाटू नये.

ड्रमंडपाशी मला थोडे थांबावयाचे आहे, कारण या संपूर्ण परंपरेत मला सर्वांत प्रिय कोण, असे विचाराल तर मी त्याचेच नाव घेईन. ट्रॉम्बोन हे वाद्य स्वभावतः सभेत मोठ्याने बोलणाऱ्या गृहस्थासारखे; ड्रमंडच्या हाती ते स्वगत बोलू लागते. 'ईस्टर्न स्टँडर्ड टाइम' ऐका, 'मॅन इन द स्ट्रीट' ऐका: खाली सगळा वृंद नाचत असतो आणि वर हा एकटा माणूस, त्याच लयीत राहून, अंगणातून शोकयात्रा चालावी तसा चालतो. पुढे गती मंदावल्यावर या संगीतात जे गांभीर्य आले, ते मला ड्रमंडच्या वादनात आधीच ऐकू येते. परंतु या प्रीतीपोटी एक गोष्ट दडविणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो मनोरुग्ण होता, आणि १९६५ च्या नववर्षाच्या सुमारास त्याने आपली सहचारिणी, नर्तकी अनिता महफूद, हिचा सुरीने वध केला. त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली आणि तेथेच १९६९ साली तो वारला. अनिता ही 'मार्गारिटा' या नावाने रंगमंचावर येई. काउंट ऑसीच्या वादकांना साथीला घेतल्याखेरीज मी नाचणार नाही, असा हट्ट धरून ज्या ढोलांना तिने नाट्यगृहाचा दरवाजा उघडून दिला, त्यांच्या इतिहासात तिचे नाव बहुधा केवळ मृताच्या रकान्यात येते. हा अन्याय आहे, आणि ड्रमंडचे गुणगान करणाऱ्याने तो प्रथम नोंदविला पाहिजे.

स्कॅटलाइट्स १९६४ मध्ये जमले आणि १९६५ च्या ऑगस्टमध्ये मोडले. म्हणजे जेमतेम चौदा महिने. तेवढ्यात कॉक्सनच्या ब्रेंटफर्ड रोडवरील 'स्टुडिओ वन'मध्ये त्यांनी किती गायकांना साथ केली, याचा हिशेब लावणे कठीण. 'सिमर डाऊन' हे गाणे घेऊन आलेल्या 'वेलर्स' नावाच्या पोरसवदा चमूलाही साथ त्यांचीच होती, आणि त्या चमूत बॉब मार्ली हा एक होता.

१९६६ च्या सुमारास लय मंदावली, आणि या मंद प्रकाराला 'रॉकस्टेडी' हे नाव मिळाले. त्या वर्षी उन्हाळा असह्य असल्याने नाचणाऱ्यांना जुना वेग झेपेना, अशी एक आख्यायिका तेथे मोठ्या आवडीने सांगितली जाते. मला ती पटत नाही; किंग्स्टनला उन्हाळा काही १९६६ साली प्रथम पडला नव्हता. अधिक सयुक्तिक कारणे तीन दिसतात. मोठा वृंद मोडला होता आणि फुंकवाद्यांचा ताफा बाळगणे खर्चाचे झाले होते. उभ्या बेसच्या जागी विजेवरील बेस-गिटार आली होती, जिचा खर्ज कर्ण्यातून स्पष्ट उमटे. आणि स्वातंत्र्याच्या पहिल्या हर्षाला चार वर्षे लोटून बेकार तरुणांच्या टोळ्या रस्त्यावर आल्या होत्या. लय संथ होताच दोन मात्रांमध्ये मोकळी जागा पडली, आणि त्या जागेत एकीकडून खर्ज शिरला व दुसरीकडून शब्द. गायक ॲल्टन एलिसचा रेशमी, किंचित दुखावलेला आवाज स्काच्या धांदलीत कोणालाच ऐकू आला नसता.

त्याच उतारावर पुढे रेगे आहे. ते नाव शीर्षकात प्रथम मिरविणारे गाणे म्हणून 'मेटल्स' या चमूच्या १९६८ च्या 'डू द रेगे'कडे बोट दाखवितात. त्यांचा प्रमुख टूट्स हिबर्ट नुकताच तुरुंगवास भोगून आला होता, आणि कैद्याच्या क्रमांकावरूनच त्याने '५४-४६' हे गाणे रचले; ज्याला सरकारदप्तराने आकडा केले, त्याने त्या आकड्याचीच ललकारी केली. रेगेमध्ये नगाऱ्याचा जो प्रकार रूढ झाला त्याला 'वन ड्रॉप' म्हणतात, आणि तो समजण्यास तालाच्या सम-खालीवर वाढलेला आपला कान फार उपयोगी पडतो. चार मात्रांपैकी पहिली, म्हणजे आपण जेथे सम धरू ती, चक्क रिकामी सोडावयाची. दुसरीवर आणि चौथीवर गिटारचा कोरडा छेद. आणि सारा भार तिसरीवर. श्रोता समेवर मान टाकावयास जातो तो तेथे कोणी नाहीच! कार्लटन बॅरेट हा या खेळातील माझ्या मते अद्वितीय वादक. त्याचा भाऊ ॲस्टन बेस वाजवी, आणि मार्लीच्या जगप्रसिद्ध तबकड्या या दोन भावांच्या खांद्यावर उभ्या आहेत.

गायक डेझमंड डेकरचे 'इझ्रायलाइट्स' १९६९ साली इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. ते मुद्रित करणारा लेस्ली काँग हा चिनी वंशाचा जमेकन, ज्याने आइस्क्रीमच्या दुकानाला जोडून तबकड्यांचा धंदा थाटला होता. त्यानेच १९७० मध्ये 'मेलोडियन्स' या चमूचे 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' काढले. या सभागृहातील पन्नाशीपुढच्या मंडळींना ते 'बोनी एम'च्या १९७८ च्या तबकडीवरून पाठ असेल, आणि कदाचित एखाद्या वरातीच्या बँडवरूनही. मूळ ऐकल्यावर समजते की हे नाचाचे गाणे नसून देशोधडीला लागलेल्यांचे आहे: बायबलातील बॅबिलॉनच्या बंदिवासाचे स्तोत्र रास्ता लोकांनी आपल्या पूर्वजांच्या गुलामगिरीस लावले. जाता जाता सांगतो, रास्ता ज्या वनस्पतीला पवित्र मानतात तिचे जमेकातील रूढ नाव 'गांजा' हेच आहे. १८४५ पासून गिरमिटावर गेलेल्या हिंदी मजुरांबरोबर तो शब्द तेथे उतरला.

मंदावण्याची ही क्रिया शेवटी कोठे पोहोचली, तर ती विजेची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या किंग टबी नावाच्या कारागिराच्या हाती. ड्यूक रीडच्या एका तबकडीवर गायकाचा आवाज घालावयाचा चुकून राहून गेला, आणि नाचात ती वाजताच लोकांनी स्वतःच गावयास आरंभ केला, असा किस्सा आहे. टबीने या चुकीचे शास्त्र केले: आवाज काढून घ्यायचा, गिटारचा एक छेद ठेवून बाकी पुसायचे, त्या छेदाचा प्रतिध्वनी विहिरीत दगड पडल्यासारखा दूर जाऊ द्यायचा, आणि खर्ज मात्र कायम. याला 'डब' म्हणतात. ऑगस्टस पाब्लोने मेलोडिका या शाळकरी मुलांच्या फुंकपेटीवर वाजविलेली आणि टबीने अशी पोखरलेली 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन' ही रचना मी त्यातील शिखर मानतो.

मार्लीविषयी मी मुद्दामच थोडे बोललो. तो थोर होता. पण त्याचे चित्र असलेले सदरे आपल्या बाजारातही मिळतात, आणि ड्रमंडचे चित्र असलेला सदरा मी अद्याप पाहिलेला नाही. २०१८ साली युनेस्कोने रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तो मान किंग्स्टनच्या त्या साऱ्या वस्तीचा आहे.

आता चालकांच्या अनुमतीने तीन तबकड्या लावतो. सभागृहाच्या कर्ण्यातून खर्ज नीट उमटत नाही, तेव्हा मागच्या रांगांतील मंडळींनी कृपया पुढे येऊन बसावे. पहिली तबकडी 'ईस्टर्न स्टँडर्ड टाइम' ही आहे, आणि खटका ४५ वर असल्याची खात्री मी दोनदा करून घेतली आहे.