प्रवेशाआधीची वर्षं



पदवीदानाच्या दिवशी वक्ते बहुधा पुढच्या वाटचालीवर बोलतात. मी मागच्या वर्षांवर बोलणार आहे. प्रवेशाचा अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी एखादं मूल संगणकशास्त्रात कसं शिरतं, हा माझा विषय आहे. लिनस टोरवाल्ड्‌स हे नाव तुमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यांनी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली तेव्हा ते २१ वर्षांचे होते, हेही माहीत असेल. पण त्याआधीची दहा वर्षं फारशी कुणी सांगत नाही, आणि मला तीच मोलाची वाटतात.

त्यांच्या आईचे वडील, लिओ टॉर्नक्विस्ट, हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. अर्थशास्त्र शिकलेल्यांनी टॉर्नक्विस्ट निर्देशांक अभ्यासला असेल, तो यांचाच. १९८१ च्या सुमारास या आजोबांनी कमोडोर व्हिक-२० हा छोटा संगणक घरी आणला. तो टीव्हीला जोडायचा. पडद्यावर एका ओळीत जेमतेम २२ अक्षरं मावायची, आणि बेसिकमध्ये प्रोग्राम लिहायला साडेतीन किलोबाइट जागा मिळायची. आज तुमच्या मोबाइलवरचा एखादा लहानसा फोटोही त्यात बसणार नाही.

आजोबा आपले प्रोग्राम कागदावर लिहीत आणि अकरा-बारा वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन ते टाइप करायला लावत. त्यांनी नातवाला धडे दिले नाहीत, की त्याची परीक्षा घेतली नाही. आपल्या खऱ्या कामात त्याला सामील करून घेतलं, एवढंच. हळूहळू मुलगा यंत्राबरोबर आलेली पुस्तिका वाचून त्यातले नमुने टाइप करू लागला, मग त्यात स्वतःचे बदल करू लागला. पुढे बेसिक अपुरं पडलं. आता प्रोसेसरला थेट समजणाऱ्या आकड्यांमध्ये सूचना लिहायच्या होत्या, आणि हाताशी असेंब्लरही नव्हता. तेही त्याने केलं.

पुढे साठवलेल्या पैशांतून त्याने सिंक्लेअर क्यूएल हा संगणक घेतला. १९८४ मध्ये गाजावाजा करून आलेलं हे यंत्र बाजारात चाललं नाही. फिनलंडमध्ये त्यासाठी तयार सॉफ्टवेअर जवळजवळ मिळतच नसे. मग या मुलाने असेंब्लर स्वतः लिहिला, एडिटर लिहिला, खेळ लिहिले. फ्लॉपीसाठी कंट्रोलर मागवला, तर त्याच्यासोबतचा ड्रायव्हर धड चालेना, म्हणून ड्रायव्हरही लिहिला. ते करताना ऑपरेटिंग सिस्टिममधल्या चुका दिसल्या, पण ती रॉममध्ये कोरलेली होती, दुरुस्त करायची सोय नव्हती.

या ड्रायव्हरपाशी मला थोडं थांबायचं आहे. १९९१ च्या जानेवारीत टोरवाल्ड्‌स यांनी ३८६ पीसी घेतला आणि विद्यापीठाच्या संगणकाशी जोडून घेण्यासाठी टर्मिनलचा एक प्रोग्राम लिहायला घेतला. उतरवून घेतलेल्या फाइली जपून ठेवायच्या तर डिस्कवर लिहिता यायला हवं, म्हणून डिस्कचा ड्रायव्हर, त्यामागून फाइल सिस्टिम. असं करत करत त्या प्रोग्रामची ऑपरेटिंग सिस्टिम झाली. सप्टेंबर १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती निघाली. डिस्कच्या ड्रायव्हरला हात घालताना ते कचरले नाहीत, कारण कुमारवयात त्यांनी एक लिहिलेला होता. विद्यापीठाने त्यांना युनिक्स दाखवलं, सी शिकवली, आणि ते ऋण मोठंच आहे. पण आतपर्यंत जायची सवय ते घरून घेऊन आले होते.

आता आपल्याकडे येऊ. टोरवाल्ड्‌स विद्यापीठात दाखल झाले त्याच १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. त्याच्याही आधी, १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून आपल्या काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले होते. म्हणजे यंत्रं अगदीच नव्हती असं नाही. पण आपल्या शाळेतला संगणक कक्ष ही चपला बाहेर काढून, रांगेने आत जायची जागा राहिली. एका यंत्रापुढे चार-पाच मुलं, त्यातला एकच माउस धरणार, बाकीचे बघणार. घरात संगणक आला तरी त्याच्यावर कव्हर घातलेलं असे आणि कानावर एकच वाक्य पडे, हात लावू नकोस, बिघडेल. या एका वाक्याने आपलं जितकं नुकसान केलं, तितकं यंत्रांच्या टंचाईने केलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्यातल्या अनेकांनी एमएस-सीआयटीच्या वर्गात पहिल्यांदा माउस धरला असेल. काहींनी स्वतःचा लॅपटॉप दुसऱ्या वर्षाला, कर्ज काढून घेतला असेल. आपण उशिरा आलो, असं मनात आणू नका. लवकर सुरुवात झाल्याने टोरवाल्ड्‌स यांना जे मिळालं ते म्हणजे भीती न बाळगता यंत्र उघडून बघण्याची मोकळीक, आणि ती बाविसाव्या वर्षीही घेता येते. लिनक्सचा सगळा सोर्स कोड आज खुला आहे. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक आणि तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच कर्नेलवर चालतात. नोकरीतली पहिली काही वर्षं तुम्हाला वरवरच्या थरात काम करावं लागेल, आणि कोड लिहून देणारी साधनंही आता हाताशी आहेत. तरीही एखादा ड्रायव्हर, एखादी फाइल सिस्टिम ओळीओळीने वाचून काढा. साधनाने लिहून दिलेलं बरोबर की चूक, हे ज्याला खालचा थर ठाऊक आहे त्यालाच सांगता येईल.

आणि एक विनंती. पहिला पगार झाल्यावर नवा लॅपटॉप घ्याल, तेव्हा जुना विकू नका. त्यावर लिनक्स टाका आणि गावाकडच्या चुलत बहिणीला, शेजारच्या आठवीतल्या मुलाला, ज्याला तो हवा असेल त्याला देऊन टाका. पासवर्डही सांगा. त्याने सिस्टिम बिघडवली तर रागावू नका, पुन्हा कशी टाकायची ते त्याच्याच हातून करून घ्या.